डाव्या विंगेतली धाकटी

पडदा वर जातो. प्रेक्षकांसमोरचा नव्हे, त्याला अजून अवकाश आहे. आपण उभे आहोत मागच्या अंगाला, डाव्या विंगेत, जिथे रंगमंचाचा उजेड संपतो आणि दोरखंड, वाळूच्या पिशव्या आणि धूळ यांचं राज्य सुरू होतं. बाहेर रस्त्यावर भर दुपार आहे. इथे बारा महिने अंधारच. एक पाठ नसलेलं स्टूल. शेजारी खोक्यावर दिवा, त्याला निळा कागद गुंडाळलेला, उजेड फक्त मांडीवरच्या पानावर पडावा म्हणून. आणि स्टुलावर, पाय जुळवून, पाठ ताठ ठेवून बसलेली एक बाई. केस पांढरे, शाल काळी. विंगेत बसणाऱ्याने काळंच घालायचं असतं. प्रेक्षकाला चुकूनही दिसता कामा नये.

हिला कंपनीत सगळे ‘धाकटी’ म्हणत. साठीला टेकली तरी धाकटीच. कारण कंपनीचा नायक तिचा थोरला भाऊ, सगळ्यांचा ‘दादा’. तो लहानपणापासून तिला धाकटे म्हणून हाक मारायचा आणि नायकाच्या तोंडून जे येतं ते कंपनीत कायदा होतं. नव्याने आलेली विशीतली पोरंसुद्धा तिला “धाकटीबाई, चहा सांगू का?” असं विचारत आणि आपण काही विनोद करतोय हे त्यांच्या गावीही नसे.

तिचं काम प्रॉम्प्टिंगचं. नट अडला की पुढचा शब्द त्याच्या कानात टाकायचा. आवाज असा हवा की नटाला ऐकू जावा आणि पहिल्या रांगेला नाही. धाकटीचा आवाज तर एका कानातून शेजारच्या कानातही जात नसे, असं मेकअपवाले काका म्हणत. “बाई बोलते की पान उलटते, कळत नाही,” असं म्हणून ते कौतुकाने हसत.

पण तिची खरी कला बोलण्यात नव्हती, ऐकण्यात होती. नट वाक्य विसरण्याआधी त्याचा श्वास बदलतो. वाक्य संपतं, पुढचं यायच्या जागी एक पोकळी येते, आणि छातीत हवा अर्धवट अडते. प्रेक्षकाला त्याचा पत्ताही नसतो. धाकटीला तो श्वास ऐकू यायचा, आणि दादाला आपण विसरलोय हे कळायच्या आत शब्द त्याच्या कानात पोचलेला असायचा. अशी सोय असल्यावर कोणाला वाटेल की आपण विसरतो?

दादा मात्र विसरत होता. पहिल्या हंगामात एखादं नाव. पुढच्या हंगामात एखादं वाक्य. मग कप्तानाचं ते अख्खं भाषण, ज्यासाठी लोक परत परत तिकीट काढत. नाटक एका म्हाताऱ्या कप्तानाचं होतं. जहाज बुडतंय, खलाशी होड्यांत उतरतायत, आणि हा सुकाणूचं चाक सोडायला तयार नाही. दादा ते चाक धरून जवळजवळ सबंध तिसरा अंक उभा असे.

ते चाक पूर्वी रंगमंचाच्या मधोमध होतं. मग दादाने ते जरा डावीकडे घ्यायला लावलं. “उजेड चांगला पडतो,” म्हणाला. मग आणखी जरा. हंगामामागून हंगाम चाक विंगेकडे सरकत राहिलं, शेवटी इतकं की धाकटीने हात लांब केला असता तर तिच्या बोटांना त्याच्या कोटाची बटणं लागली असती. एका वर्तमानपत्राने लिहिलं, की रंगमंचाचा हा बिघडवलेला तोल म्हणजे कलंडणाऱ्या जहाजाची विलक्षण प्रतिमा आहे. मेकअपवाल्या काकांनी ते कात्रण मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा सगळे हसले. कशाला हसतोय हे कोणी कोणाला विचारलं नाही. अळीमिळी गुपचिळी. नायक चालला तर कंपनी चालते, आणि कंपनी चालली तर घरं चालतात.

धाकटी एकटीच होती जिने तोंड उघडलं, आणि तेही फक्त त्याच्यापाशी.

“दादा, मॅनेजरला सांग. दुसरा कोणीतरी कप्तान तयार होऊ दे. तू निम्मे प्रयोग कर, तो निम्मे करील.”

“का? मी काय मेलोय?”

“तू विसरतोस.”

“सगळेच विसरतात. म्हणून तर तुला ठेवलंय.”

“आता मी देते आणि तू म्हणतोस. सबंध अंक. परवा मला ठसका लागला असता तर?”

“लागला का?”

“नाही.”

“मग झालं तर,” दादा म्हणाला, आणि आरशाकडे वळून कप्तानाची दाढी बसवू लागला. “पुढच्या हंगामात बघू.”

असे दोन पुढचे हंगाम आले आणि गेले. धाकटीची मागणी काही मोठी नव्हती. त्याने एकदा, एकाच माणसापुढे, ‘मी विसरतो’ एवढं म्हणावं. तेवढ्याने तिच्या डोक्यावरचं ओझं निम्मं उतरलं असतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती मूठ झाकण्यासाठी लागणारा हात धाकटीचा होता.

या लोकांची एक जुनी रीत आहे, ती इथे सांगायला हवी. त्या थिएटरात पहिली घंटा झाली की आजाराचं नाव काढायचं नाही. ‘मला बरं नाही’ असं कोणी म्हणालंच, तर त्याने मागच्या दाराने बाहेर जायचं, दार वाजवायचं, आणि कोणीतरी ‘कोण?’ विचारलं की ‘ठणठणीत’ असं सांगून मगच आत यायचं. ही रीत कोणी सुरू केली कोणास ठाऊक. पण तापाने फणफणलेली माणसं त्या दाराबाहेर उभी राहून ‘ठणठणीत’ म्हणाली आहेत आणि मग आत येऊन तीन अंक नाचली आहेत. दिवे लागले की ताप उतरतो, अशी सगळ्यांची पक्की श्रद्धा. आणि गंमत अशी, की खरंच उतरतो. निदान उतरल्यासारखा वाटतो. मग शेवटचा प्रयोग होतो, हंगाम संपतो, आणि दुसऱ्या दिवशी निम्मी कंपनी अंथरुणात. कोणाचा घसा, कोणाचा दमा, कोणाचं पोट. याला ते ‘पडद्याचा ताप’ म्हणत. शरीरालासुद्धा तारखा कळतात, अशी फुशारकी मारत. ज्याला ते प्रकृतीची शिस्त समजत, ते प्रकृतीने उधारीवर ढकललेलं दुखणं आहे, हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

सुट्टीत सगळे आजारी पडत आणि बरे होत. धाकटीला सुट्टीच नव्हती. हंगाम संपला की रोज सकाळी ती दादाच्या घरी जायची, दार लावून घ्यायची आणि भाषणं त्याच्याकडून घोटून घ्यायची. दादा वैतागायचा, पान भिरकावायचा, ती उचलायची. घरी परतल्यावर स्वयंपाक करताना तिच्या ओठांवर कप्तानच असायचा. झोपेत तो अडला की ती दचकून जागी व्हायची, छाती धडधडत.

शरीराने तिला सांगायचं ते सांगितलं होतं. सर्दी यायची ती महिना महिना मुक्काम ठोकायची. तोंड सतत आलेलं. आणि अंगठ्यावर एक चीर, कागदाच्या कडेने कापलेली. असं शंभरदा कापलं होतं, दोन-चार दिवसांत भरून यायचं. ही भरेना. सुकल्यासारखी वाटायची आणि पान उलटताना पुन्हा उघडायची. काकांनी एकदा दिव्याखाली अंगठा धरून पाहिला.

“साखर तपासलीस?”

“तपासली. नाहीये.”

“मग काय आहे?”

“कागद धारदार आहे, काका.”

“कागद नाही, तुझा भाऊ धारदार आहे,” काका म्हणाले, आणि ब्रश धुवायला निघून गेले.

त्या वर्षी गावोगावचे रसिक यायचे म्हणून एका आठवड्यात रोज प्रयोग लागले. पहिल्याच दिवशी सकाळी धाकटीच्या उजव्या कानात ठणका सुरू झाला. विंगेत बसली की रंगमंचाकडे असायचा तो कान. दुपारपर्यंत मानेपर्यंत कळ गेली. बोट घातलं तर आत बारीक फोड लागले, पाण्याने भरल्यासारखे. ती वहिनीकडे गेली. दादाची बायको भांडी आवरत होती.

“वहिनी, कान बघ जरा. डॉक्टरकडे जाऊ का?”

वहिनीने खिडकीशी नेऊन पाहिलं. “पुटकुळ्या आहेत. उष्णतेच्या.” मग हात पुसत म्हणाली, “आज गेलीस तर डॉक्टर झोपवणार. एवढा आठवडा काढ, नणंदबाई. मग हवी तेवढी आजारी पड. कोण नाही म्हणतंय?”

“आणि वाढलं तर?”

“यांचं काय झालं तर, ते आधी सांग.” वहिनीचा आवाज खाली आला. “काल यांनी मला विचारलं, आपल्या मुलाचं लग्न झालंय का. तुला सांगते, मी काही बोलले नाही. चहा ठेवला.”

वहिनी वाईट नव्हती. घाबरलेली होती, आणि घाबरलेल्या माणसाला दुसऱ्याचा कान दिसत नाही.

धाकटीने कानात कापूस घातला आणि थिएटर गाठलं. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्याही. दिवे लागले की ठणका खरंच कमी व्हायचा. म्हणजे आपलं शरीर शहाणं आहे, असंच तिला वाटलं. इतक्या वर्षांची शिकवण होती. दुसरं काय वाटणार?

चौथ्या दिवशी दुपारी ती विंगेकडे निघाली तर काकांनी रंगपटातून हाक मारली. पहिली घंटा होऊन गेली होती.

“धाकटे, इकडे बघ. हस जरा.”

“कशाला?”

“हस म्हणतो ना.”

ती हसली. काकांनी चाळीसेक वर्षं माणसांचे चेहरे रंगवले होते; त्यांच्या हातातला स्पंज खाली आला. तिचा डावा गाल वर गेला होता. उजवा तिथेच लोंबत होता, दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा.

“तुझं तोंड एका बाजूने उतरलंय. तू आजारी आहेस. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा.”

घंटेनंतर आजाराचं नाव निघालं होतं. शेजारी दाढी लावत बसलेल्या खलाशाने वर पाहिलं. काका उठले, गुडघे धरत मागच्या दाराने बाहेर गेले, आणि दार वाजलं.

“कोण?” खलाशी म्हणाला.

“ठणठणीत,” बाहेरून काका ओरडले. “मी ठणठणीत. ती नाही.”

सगळे हसले. धाकटीही हसली, तेवढ्याच अर्ध्या तोंडाने. आणि जाऊन स्टुलावर बसली.

तिसरा अंक लागला. दादा चाकाशी आला. कोटाची बटणं हाताच्या अंतरावर. पहिली काही वाक्यं तिने दिली, त्याने घेतली. मग तिला श्वास ऐकू येईना. कानात समुद्र गाजत होता, नाटकातला नव्हे, तिच्या स्वतःच्या डोक्यातला. दादाचे ओठ थांबलेले दिसले तेव्हा कुठे कळलं. तिने पुढची ओळ दिली. पण तिचे स्वतःचे ओठ मिटत नव्हते. फुंकर निघाली, शब्द नाही.

दादाने मान जराशी वळवली. ती पुन्हा बोलली. पुन्हा फुंकर.

मग त्याने जे केलं ते त्याने जन्मात कधी केलं नव्हतं. कप्तानाच्या भरदार आवाजात, सगळ्या थिएटरला ऐकू जाईल असा, तो विंगेकडे पाहून म्हणाला, “काय म्हणालीस? नीट बोल की.”

मग मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि हसू पुढच्या रांगेपर्यंत पसरत आलं. एका खलाशाने प्रसंगावधान राखून “कप्तानसाहेब, पाणी डेकवर आलं!” असं म्हणत भाषणाच्या शेवटावर उडी मारली, आणि जहाज नेहमीपेक्षा बरंच लवकर बुडालं.

दवाखान्यात काका सोबत आले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. कान पाहिला, डोळा मिटायला सांगितला. उजवा डोळा मिटला नाही.

“नागीण आहे ही. कानातली. चेहऱ्याची नस तिच्यात सापडली आहे. कधीपासून?”

“तीन-चार दिवस.”

“लगेच का नाही आलात? पहिल्या एक-दोन दिवसांत औषध पोटात गेलं असतं तर फार फरक पडला असता.” मग धाकटीचा चेहरा पाहून त्या जरा थांबल्या. “लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या?”

“दादाच्या अंगावरून आल्या होत्या. आधी त्याला, मग मला.”

“तोच विषाणू. कांजिण्या बऱ्या होतात, पण तो जात नाही. नसांच्या मुळाशी झोपून राहतो, पन्नास पन्नास वर्षं. शरीराचे पहारेकरी जागे असले की त्याची डोकं वर काढायची हिंमत होत नाही. वय झालं की पहारेकरी पेंगतात. आणि ताणानेही. तुम्हाला ताण आहे?”

काका मध्येच म्हणाले, “ताण हिचा पेशा आहे.”

“असं बघा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “वाघ मागे लागला तर माणूस काय करील? पळेल. घराचं छप्पर शाकारत बसणार नाही. शरीरही तेच करतं. ताण आला की सगळी ताकद पळण्याकडे. जखमा भरणं, जंतूंशी लढणं, ही कामं मागे पडतात. घटकाभर पळालात तर काही बिघडत नाही, उलट अंगात बळ येतं, दुखणं जाणवत नाही. पण वाघ वर्षानुवर्षं मागे असेल, तर छप्पर गळणारच. नागीण फक्त ताणानेच झाली असं मी म्हणणार नाही. पण तुमचा हा अंगठा पाहिलाय मी.”

धाकटीने अंगठा शालीत घेतला. “दादाला का नाही झाली मग? विषाणू त्याच्यातही असेल.”

“असेल. त्यांना ताण कमी असेल.”

“कमी कसा असेल,” धाकटी म्हणाली. “त्याचा मीच घेते ना.”

औषधं झाली. चेहरा हळूहळू थोडाफार परतेल म्हणाल्या. कानाची खात्री दिली नाही. ती घरी पडून राहिली. एका खोलीचं घर, खिडकीतून समोरच्या इमारतीचे जिने दिसत. डोळा मिटत नाही म्हणून त्यावर चिकटपट्टी, चहा तोंडाच्या कोपऱ्यातून गळतो म्हणून चमच्याने. आठवड्याने काका आले, आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिले. तेव्हाच तिने ओळखलं.

“काय झालंय ते सांगा, काका.”

“दादाने मॅनेजरला सांगितलं, धाकटीचं वय झालं. लक्ष राहत नाही. चुकीच्या ओळी देते, त्याने माझाही गोंधळ होतो.”

ती भिंतीकडे बघत राहिली. आपलेच दात, आपलेच ओठ. आणि आता तर ओठही धड आपले नव्हते.

“मॅनेजर काय म्हणाला?”

“वाईट वाटलं त्याला. तुला निरोपाची भेट म्हणून खुर्ची द्यायची ठरलीय. पाठ असलेली.”

तुझी जागा आता एक यंत्र घेणार आहे, असंही काकांनी सांगितलं. दादाच्या कानात बसवायचं बारीक बोंड, आणि मॅनेजरचा भाचा मागच्या खोलीतून त्यात ओळी वाचणार.

धाकटी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायला सरावली होती. रडायला बसली तर रडू एकाच डोळ्यातून येई. पट्टीखालचा डोळा कोरडा. मग तिने रडण्याचा नाद सोडला आणि ती झोपली. खूप झोपली. दुपारी झोपली, सकाळी उशिरा उठली. स्वयंपाक करताना ओठांवर कप्तान नव्हता. सर्दी कधी गेली कळलं नाही. आणि एके दिवशी भांडं घासताना लक्षात आलं, की अंगठा चुरचुरत नाहीये. चीर मिटली होती, जिथे होती तिथे एक गुळगुळीत रेघ. ती त्या रेघेवरून बोट फिरवत राहिली. याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही; उलट संताप आला. इतकं सोपं होतं तर. फक्त थांबायचं होतं.

दादा आला तो एका सकाळी, न कळवता. नवी खुर्ची खिडकीशी होती, तिच्यावर तो बसला. ती पलंगावर, डावा कान त्याच्याकडे करून.

“कशी आहेस?”

“बघतोयस.”

“बरी दिसतेस.” मग टोपी हातात फिरवत राहिला. “ते यंत्र काही खरं नाही, धाकटे. तो पोरगा नुसता वाचत सुटतो. मी बोलत असतानाही बडबडतो, आणि अडलो की गप्प. त्याला माझा श्वास कळत नाही.”

“मलाही आता कळत नाही. तो कान गेला.”

“दुसरा आहे ना.” दादा पुढे झुकला. त्याने सगळा विचार करून ठेवला होता. “तू उजव्या विंगेत बस. हा कान रंगमंचाकडे येईल. चाक आपण त्या बाजूला नेऊ. मॅनेजरला मी सांगितलंय, उजेडासाठी हवंय म्हणून. बोलणं जरा सावकाश दे, जमेल मला. शेवटचा हंगाम. मग माझा सत्कार आहे, मग संपलं.”

तिच्या छातीत धडधड सुरू झाली. जुनी, ओळखीची. हात आपोआप मांडीवर आले, पान धरायच्या जागी. सवय म्हणजे काय असते बघा. त्या घटकेला ती गेलीच असती. म्हातारा थकला होता, दाढी नीट केलेली नव्हती, आणि तिचा भाऊ होता. दोघं एकाच खोलीत कांजिण्यांनी पडली असताना त्याने तिला तासन्‌तास नकला करून हसवलं होतं.

“माझ्याबद्दल मॅनेजरला काय सांगितलं होतंस?” तिने विचारलं.

दादाने टोपीकडे पाहिलं. “काय सांगणार? काहीतरी सांगावं लागलं. तुला काय फरक पडतो? तुझं नाव थोडंच जाहिरातीत आहे?”

समोरच्या इमारतीच्या जिन्यावरून कुणीतरी पाण्याची बादली वर नेत होतं.

“येतेस ना मग?”

तिने मान हलवली. नाही.

“धाकटे.”

पुन्हा नाही.

दादा उठला. रागावला होता की घाबरला होता, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. दारापर्यंत गेला, कडीला हात लावला आणि वळून, अगदी लहान पोरासारखं, त्याने विचारलं, “मग त्या लोकांना मी आता काय सांगू?”

धाकटीने उजवा गाल तळव्याने वर उचलून धरला आणि एकही अक्षर न सांडता म्हणाली, “खरं ते सांग. तू विसरतोस, एवढंच.”